सिडनीच्या बंदरातली जेटबोट: कुणी बसावं, कसं बसावं आणि आपल्या खाडीत ती का नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरूळच्या एक ताई मे महिन्यात लेकीकडे सिडनीला चालल्या आहेत. बरोबर यजमान, वय 64, कमरेची गादी सरकलेली. आणि ठाण्याला राहणारा नऊ वर्षांचा नातू. लेकीने बंदरातल्या जेटबोटीची तिकिटं काढूनही ठेवली आहेत. ताईंनी तिचा व्हिडिओ पाहिला, बोट जागच्या जागी गरकन फिरते, माणसं किंचाळतात, आणि त्यांची झोप उडाली. त्या विचारतात, यात जिवाला धोका आहे का, आम्ही बसावं का, बसलो तर काळजी काय घ्यावी? नातवाचा प्रश्न वेगळा आहे: ही बोट आपल्या ठाण्याच्या खाडीत का नाही?

ताई, आधी सरळ उत्तर. नातवाला खुशाल बसवा. तुम्ही बसायचं की नाही ते तुमच्या हाडांवर ठरेल. यजमानांचं तिकीट मात्र आजच रद्द करा, लेक कितीही रुसली तरी.

आता कारणं. माझं काम इंजिनरूममधलं. वडील बेलापूरजवळच्या दिवाळ्याचे, होडीवरचे. मी पंख्याच्या इंजिनांवर हात काळे करत शिकलो आणि गेली बावीस वर्षं मुंबई बंदरात वॉटरजेटवर चालणाऱ्या बोटींची देखभाल करतो. सिडनीच्या जेटबोटीत दोनदा बसलोय, दोन्ही वेळा तिकीट काढून. दुसऱ्यांदा बसलो ते खरं तर चालवणाऱ्याचे हात बघायला.

तुम्हाला भीती वाटते ती बोट उलटेल याची. ती भीती बाजूला ठेवा. व्हिडिओत जे भयंकर दिसतं, म्हणजे गिरकी, तेच या बोटीचं सगळ्यात साधं काम आहे. ते का, हे कळायला बोटीच्या पोटात डोकावावं लागेल.

आपल्या मच्छीमार बोटीला मागे पाण्याखाली पंखा असतो आणि त्याच्यामागे सुकाणू. जेटबोटीला तळाखाली यातलं काहीच नाही. तळाला एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, आतला पंखा त्याला रेटतो आणि मागच्या अरुंद तोंडातून ते जोरात बाहेर फेकलं जातं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि हाताला मागे रेटा बसतो. बोट त्या रेट्यावर चालते. पाणी पाण्याला ढकलतं म्हणून बोट पुढे जाते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. धार हवेत सोडली तरी रेटा तेवढाच मिळतो. उलट हवेत सोडलेली बरी, पाण्याचा अडथळा कमी.

ही साधी गोष्ट लक्षात आली न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टनच्या. दक्षिण बेटावर त्याचं मेंढ्यांचं मोठं कुरण होतं, आणि तिथल्या नद्या अशा की कुठे घोटाभर पाणी, कुठे नुसते गोटे. पंख्याची बोट तिथे पहिल्याच दगडावर मोडायची. पाण्याच्या धारेवर बोट चालवायची कल्पना त्याची नव्हे, आधीही लोकांनी प्रयोग केले होते. पण 1950 च्या दशकात त्याने धारेचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आणलं आणि बोटीचा वेग एकदम वाढला. आज जगभरच्या जेटबोटी त्याच घराण्यातल्या. आपल्याकडेही त्या येऊन गेल्यात. 1977 साली एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी तीन जेटबोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उलट्या प्रवाहाने निघाले आणि थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडेपर्यंत वर गेले. एका बोटीचं नाव ‘गंगा’, दुसरीचं ‘एअर इंडिया’, तिसरीचं ‘किवी’. नातवाला विमानात सांगायला ही गोष्ट बरी आहे.

तर गिरकी. बोटीच्या तळाला पंखा नाही, दांडा नाही, सुकाणूचं पातं नाही, म्हणजे पाण्यात रुतून बसणारं काही नाही. साबणाची वडी ओल्या फरशीवर टाकल्यासारखी ती पाण्यावर असते. चालवणारा धारेचं तोंड एका बाजूला पूर्ण वळवतो आणि त्याच क्षणी इंजिनाचा जोर कमी करतो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात बसते, तिला पकड मिळते, मागचा भाग मोकळा असल्याने घसरत पुढे येतो. बोट स्वतःभोवती फिरते. तिरकी होऊन उलटण्यासाठी तळाला कशाची तरी अडचण लागते, ती इथे नाही. चालवणारा आधी हात वर करून हाताचं बोट हवेत गोल फिरवतो. ती खूण. ती दिसली की बोलणं, फोटो, हसणं सगळं बंद आणि दोन्ही हात दांडीवर.

दुसरा खेळ ब्रेकचा. मागच्या तोंडावर एक पत्र्याची बादली असते, तिला आम्ही बकेटच म्हणतो. ती खाली पाडली की धार उलटून पुढच्या दिशेने जाते. भर वेगात ती पाडली की बोट दोन-तीन लांबींत थांबते, नाक खाली घालते आणि समोरचं पाणी अंगावर येतं. पुढच्या रांगेतले भिजतात आणि मागचे त्यांना हसतात. मग दोन सेकंदांनी बोटीची स्वतःचीच लाट मागून येऊन मागच्यांच्या मानेत शिरते. कोरडं राहायची एकच जागा आहे, धक्का.

आता ज्याची खरी भीती बाळगावी ते सांगतो. जेटबोटीत वळवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे धार. इंजिन मंद केलं तर वळणं मंद, इंजिन बंद पडलं तर वळणं बंद. मोटारीत माणूस घाबरला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि स्टिअरिंग वळवतो. जेटबोटीत समोर काही आलं आणि नवशिक्याने घाबरून जोर काढून घेतला, तर बोट सरळ त्याच गोष्टीवर जाऊन आदळते, चाक कितीही फिरवा. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिले चार दिवस हेच घोकवून घेतो: घाबरलास तर जोर दे, मग वळ. मनुष्यस्वभावाच्या हे उलट आहे, म्हणून शिकायला वेळ लागतो. म्हणजे तुमची सुरक्षितता मुख्यतः चालवणाऱ्याच्या सवयीवर आहे. सिडनीत प्रवासी नेणाऱ्या बोटीवर परवानाधारक माणूस लागतो, बोटीची तपासणी होते, आणि ती माणसं दिवसाला कित्येक फेऱ्या त्याच पाण्यात मारतात. त्या बाबतीत मला तिथे काळजी वाटली नाही. किनाऱ्यावर कुणी हौशी मित्र ‘माझी बोट आहे, चला’ म्हणाला, तर मात्र नको.

यजमानांकडे येतो. जेटबोटीत इजा होते ती बहुतेक वेळा बुडून किंवा उलटून नाही, बसल्या जागी होते. बोट लाटेवरून उडते, माणूस बाकावरून चार बोटं वर जातो, आणि बोट खाली आदळते तेव्हा वर येणाऱ्या बाकावर त्याचं बूड आपटतं. तो दणका सरळ पाठीच्या कण्यातून वर जातो. ब्रिटनमध्ये वेगवान, हवा भरलेल्या कडांच्या बोटींतून सैर करताना प्रवाशांचे कमरेच्या वरचे मणके चेपल्याचे अपघात सरकारी तपासात नोंदले गेले आहेत. ती माणसं पाण्यात पडली नव्हती, बोटीला काही झालं नव्हतं. लोक म्हणतात, बंदराच्या आत कसली लाट? लाट समुद्राची नसते, ताई, दुसऱ्या बोटींची असते. ‘सर्क्युलर की’ हा सिडनीचा भाऊचा धक्का समजा, बहुतेक फेरीबोटी तिथून सुटतात. मोठी फेरी गेली की तिच्यामागे लाटांची रांग सुटते, आणि जेटबोट ती आडवी कापते. ताशी 70–80 किलोमीटर वेगात. पाम बीच रोडवर गाडीत हा वेग कळतही नाही, पण इथे तुम्ही पाण्यापासून दोन-अडीच फुटांवर असता आणि खाली स्प्रिंग नसते.

गादी सरकलेल्या माणसाने हे करू नये. ‘कमरेला पट्टा बांधून बसेन’ असंही नको. पट्ट्याने कंबर वाकत नाही, पण वरून येणारा दणका थांबत नाही. यजमानांना त्याच धक्क्यावरून मॅनली या उपनगराला जाणाऱ्या फेरीबोटीत बसवा. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास, ऑपेरा हाऊस डोळ्यांसमोरून जातं, मागे 1932 चा तो कमानीचा पूल, आणि उघड्या समुद्राच्या तोंडाशी फेरी संथ डुलते. खरं सांगायचं तर देखावा बघायला फेरीच चांगली. जेटबोटीत ऑपेरा हाऊस मला दोनदा दिसलं आणि दोन्ही वेळा तिरकं.

तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण नातू नऊ वर्षांचा म्हणजे अंदाज येतो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात आणि पुष्कळदा ते पहिलं हाड मोडेपर्यंत कळत नाही. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली असेल तर अहवाल काढून बघा, झाली नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘बोटीत बसू का’ असं विचारू नका, ते आपल्या गेटवेवरच्या लाँचचा विचार करून हो म्हणतील. ‘पाठीला वारंवार दणके बसतील’ असं सांगून विचारा. हृदयविकार, रक्तदाबाचा चढउतार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मानेचा त्रास, गरोदरपण, यातलं काही असेल तर प्रश्नच नाही. बसण्याआधी एका कागदावर सही घेतात. तो सगळेच न वाचता सही करून देतात, मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. वाचा. प्रवास विम्याचे कागदही घरून निघण्याआधी चाळा, काही पॉलिशींत साहसी खेळ वगळलेले असतात.

नातवाच्या बाबतीत अट उंचीची असते, ती तिकिटावर किंवा फोनवर विचारून घ्या. पण नियमापलीकडे माझी स्वतःची कसोटी आहे: बाकावर मागे टेकून बसल्यावर त्याचे तळपाय खाली सपाट टेकतात का, आणि समोरची दांडी कोपर किंचित वाकवून धरता येते का. पाय लोंबकळत असतील तर दणका पूर्ण पाठीवर येतो. पाय टेकले असतील तर निम्मा गुडघे खातात.

कुठे बसावं याचं उत्तर मी सगळ्यांना एकच देतो, मधल्या किंवा मागच्या रांगेत, मध्यभागी. बोट उचलते ती नाकाकडून, त्यामुळे पुढच्या रांगेला दणका जास्त. सी-सॉच्या फळीच्या टोकाला बसलेला जास्त हलतो, तसंच. तरुण पोरं पुढच्या रांगेसाठी धावतात, त्यांना धावू द्या. पाठ ताठ, कमरेतून पुढे वाकायचं नाही, पाय खांद्याइतके फाकवून घट्ट, आणि लाट येताना दिसली की बूड बाकावरून जरासं हलकं करायचं, जसं रिक्षात स्पीडब्रेकर आला की आपण नकळत करतो. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

कपड्यांचं. मे म्हणजे आपल्याकडे घामाच्या धारा, पण तिथे तो हिवाळ्याच्या तोंडावरचा महिना. पाणी साधारण 20 अंशांवर आलेलं असतं, आपल्या समुद्रासारखं कोमट नाही, आणि ओल्या अंगावर त्या वेगाचा वारा लागला की दात वाजतात. वर घालायला प्लास्टिकचे झगे देतात, ते वाऱ्याला अडवतात, पाण्याला फारसे नाही. साडी नको. ओढणी बॅगेत. मंगळसूत्र ड्रेसच्या आत घालून वर लाइफजॅकेट. चष्म्याला दोरी. कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवा. आणि कवळी असेल तर तीही, हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्या एका चाचणीच्या फेरीत एका वरिष्ठांनी ‘जोरात घे’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांची वरची कवळी घारापुरीसमोरच्या पाण्यात गेली. ती अजून तिथेच आहे. मोबाइल धक्क्यावर यजमानांच्या हातात द्या. ते फोटो काढतील, त्यांनाही काम मिळेल. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब तर मुळीच नको. उलटीची गोळी घ्यायची झाली तर डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तितका वेळ आधी. गोळीने गुंगी येते हे ध्यानात ठेवा, हातांची पकड तर घट्ट राहायला हवी.

लाइफजॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. आपल्याकडे ते पाठीमागे उशीसारखं ठेवून बसायची खोड होती. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली, डझनाहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर आपल्या लाँचवर जॅकेट घालूनच बसायची सक्ती झाली. तो दिवस मी इथे सविस्तर लिहिणार नाही. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो पाठ आहे.

आता नातवाचा प्रश्न, जो मला जास्त आवडला.

बाळा, तुझी खाडी आणि सिडनीचं बंदर दिसायला सारखी, पण जातीने वेगळी. सिडनीचं बंदर म्हणजे समुद्र आत शिरून बुडालेली खडकाळ दरी. काठाशीही खोली मिळते, पाणी स्वच्छ, आणि भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आत. आपल्याकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि सहा तासांत उतरून जातं. वाशीच्या पुलावरून ओहोटीला बघ, रेल्वेच्या खिडकीतून दिसतो तो सगळा चिखल सकाळी पाण्याखाली होता. उधाण कुठलं आणि भांग, म्हणजे लहान भरती, कुठली हे माझ्या वडिलांना चंद्र बघून कळायचं, मला मोबाइलवर बघावं लागतं. पनवेल खाडीतही तेच. तू म्हणशील, जेटबोट तर घोटाभर पाण्यात चालते! चालते, पण गोट्यांवरच्या स्वच्छ पाण्यात. चिखल आत गेला की पंखा आणि त्याच्याभोवतीची कडी घासते. त्या दोघांत जेमतेम मिलिमीटरभर फट असते. ती वाढली की इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. शिवाय त्याच पाण्याने इंजिन थंड होत असतं.

आणि चिखलापेक्षा वाईट म्हणजे पिशव्या. गणपतीनंतरच्या आठवड्यात एकदा आम्ही संध्याकाळी उरणच्या मोऱ्याहून परत येत होतो. अचानक एका बाजूचं जेट नुसतं घोंघावायला लागलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा चढतोय, बोटीचा वेग पडतोय. आत काहीतरी अडकलं की असंच होतं, पाण्याऐवजी पोकळी फिरते. बोट थांबवली, झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आलं ते असं: नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, त्यात गुंडाळलेला झेंडूचा हार, आणि गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, आत नारळासकट निर्माल्य. गाठ इतकी पक्की की कुणीतरी गाडी पुलावर थांबवून ती भक्तिभावाने टाकली असणार. आमचा वीस मिनिटं खोळंबा झाला. त्या वेळी बोटीत तीस माणसं असती आणि समोरून जहाज येत असतं, तर हिशेब वेगळा होता. वळवणारी गोष्ट एकच, हे मघाशी सांगितलं ना.

तिसरं कारण गुलाबी आहे. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांमधला खाडीचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 साली त्याला रामसर पाणथळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. जेटबोटीच्या आवाजाने तो थवा उठलाच म्हणून समज. चिखलात नाक खुपसून खाणारा पक्षी दिवसातून दहा वेळा उडवला तर तो खाणार कधी? बोटीच्या लाटा काठावर आपटून तिवरांच्या मुळांखालची माती नेतात, ते आणखी वेगळं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून जी फ्लेमिंगो बघायची बोट सुटते, ती मुद्दाम हळू जाते. तिच्यात बस एकदा. तुला कंटाळा येईल असं वाटतं, पण येणार नाही.

अटल सेतूच्या पुढे समुद्राकडे, खोल बंदराच्या बाजूला, योग्य वेळ आणि ठरलेला पट्टा बघून अशी सैर करता येईल असं माझं मत आहे. तिथे पाणी आहे. पण तिथे जहाजं आहेत, मासेमारीची जाळी आहेत, आणि मोऱ्याला, रेवसला, मांडव्याला रोज जाणारी माणसं आहेत. त्यांच्या वाटेतून चार जणांच्या किंचाळण्यासाठी रस्ता काढायचा का, हे आधी ठरवावं लागेल.

ताई, निघण्यापूर्वी एक काम करा. एखाद्या रविवारी नातवाला भाऊच्या धक्क्यावर न्या आणि मोऱ्याच्या लाँचमध्ये बसवून जाऊन-येऊन आणा, दुपारच्या वाऱ्याची वेळ साधून. त्याला पोटात ढवळतं का, पाणी अंगावर उडालं की तो हसतो की तुम्हाला बिलगतो, ते तासाभरात कळेल. बिलगला तर सिडनीत त्यालाही आजोबांबरोबर मॅनलीच्या फेरीत बसवा आणि जेटबोटीत एकट्या लेकीला पाठवा. हट्ट मुळात तिचाच आहे.